सात आठवड्यांचा हक्क

वरळीच्या बी. डी. डी. चाळींचा इतिहास सांगतांना सिमेंट-काँक्रीटच्या भिंती आणि १६० चौरस फुटांची खोली यांचा उल्लेख हटकून होतो. १९२० सालीं स्थापन झालेल्या बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें त्या बांधल्या. परंतु त्या खोल्यांतून भोंग्याबरोबर गिरणीकडे निघणाऱ्या स्त्रियांचा इतिहास भिंतींत सांपडत नाहीं. तो कायद्याच्या पुस्तकांत शोधावा लागतो.

मुंबईच्या गिरण्यांत स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत असत. दिवसभर राबावयाचें, कापसाची धूळ श्वासावाटे घ्यावयाची, आणि मजुरी मिळावयाची कामाच्या मापावर. म्हणून गरोदरपणींहि खाडा परवडत नसे. १९२२ सालीं सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स बाईंनीं या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली. आई कामावर असतां तान्हें निजून राहावें म्हणून त्यास अफूची बाळागोळी देण्याची चाल त्यांना जवळजवळ घरोघर आढळली. तो आईचा निष्काळजीपणा नव्हे. रजेच्या अभावीं हातीं आलेला तो घातक उपाय होता.

१९२४ सालीं ना. म. जोशी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूति-लाभाचें विधेयक आणलें. तें फेटाळलें गेलें. १९२८ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत तोच प्रश्न निघाला, तेव्हां मातेस विसावा मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें प्रतिपादन करून डॉ. आंबेडकरांनीं विधेयकास पाठिंबा दिला. १९२९ सालीं कायदा झाला : प्रसूतीपूर्वीं तीन व नंतर चार आठवडे, रोजी आठ आणे. भार मात्र एकट्या मालकावर पडला. पुढें गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण घटत गेलें. त्याच्या कारणांत या खर्चाचीहि गणना होते.

आणखी एक उणीव राहिली. कायद्यानें विसाव्याचे दिवस मोजले. त्यापूर्वीं शरीरांत काय शिरलें तें मोजलें नाहीं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक बंद पडल्या. आतां शहरांतील पुष्कळ स्त्रिया ब्यूटी पार्लरमध्यें काम करतात. तेथें कापसाच्या धुळीची जागा केस सरळ करण्याच्या द्रावणांतील फॉर्मॅल्डिहाइडनें आणि नखरंगाच्या वाफेनें घेतली आहे. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना राज्यांत अशा कामकरणींची पाहणी झाली, ती १९९४ सालीं प्रसिद्ध झाली. कामाचे दीर्घ तास, रासायनिक कामांची अधिक संख्या व फॉर्मॅल्डिहाइडयुक्त जंतुनाशकें यांचा गर्भपाताशीं संबंध तींत दिसून आला.

इकडे १९६१ चा प्रसूति-लाभ कायदा दुकानांना पुढें लागू झाला, तो दहा नोकरांपासून. २०१७ सालीं रजा २६ आठवड्यांची झाली, तरी ही मर्यादा तशीच राहिली. दोन-तीन कामकरणींचें पार्लर बाहेरच उरलें. गिरणीच्या मातेनें मिळविलेला हक्क त्या लहानशा दुकानांत पोहोंचावयाचा आहे, आणि तेथील हवेचाहि हिशेब मागावयाचा आहे.