गायीच्या गळ्यातला 'स्मार्ट पट्टा' नेमकं काय करतो?

तुमच्या मनगटावरचं स्मार्टवॉच पावलं मोजतं. तसंच यंत्र आता गायीच्या गळ्यात, कानात किंवा पायात दिसतं. पण इथे प्रश्न फिटनेसचा नाही, गाय वेळेवर गाभण राहण्याचा आहे.

वेळेचं एवढं महत्त्व का?

गाय साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते आणि माज जेमतेम 12 ते 18 तास टिकतो. तो हुकला की पुढचे 21 दिवस वाट पाहायची. चारा, खुराक, मजुरीचा खर्च मात्र चालूच! वर्षाला एक वासरू हवं असेल, तर गर्भकाळाचे सुमारे 280 दिवस वजा जाता हातात उरतात फक्त 85 दिवस. व्याल्यानंतर तेवढ्यात गाय पुन्हा गाभण राहायला हवी.

अडचण अशी की माजाची लक्षणं अनेकदा रात्री किंवा पहाटे दिसतात, तेव्हा गोठ्यात कुणी नसतं.

पट्ट्याला कसं कळतं?

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती ज्या सेन्सरमुळे, तसाच हालचाल टिपणारा सेन्सर यात असतो. माजावरची गाय अस्वस्थ होते, जास्त चालते आणि रवंथ कमी करते. रोजच्या सवयीत असा बदल दिसला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज येतो. बेंगळुरूच्या 'स्टेलॅप्स' कंपनीचं 'मूऑन' हे असंच एक भारतीय उपकरण.

पुढे काय?

जुना नियम सोपा आहे: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पट्ट्यामुळे माज कधी सुरू झाला हे कळतं, त्यामुळे डॉक्टरांना योग्य वेळी बोलावता येतं.

मर्यादा कोणत्या?

- दिवसभर दावणीला बांधलेली गाय फारशी चालत नाही, त्यामुळे पावलं मोजून माज ओळखणं अवघड जातं. मुक्त गोठ्यात हे तंत्र जास्त उपयोगी.
- म्हशींमध्ये, विशेषतः उन्हाळ्यात, मुका माज असतो. बाहेरून लक्षणं फारशी दिसत नाहीत.
- कुपोषणामुळे गाय माजावरच येत नसेल, तर पट्टा तरी काय सांगणार? तिथे आहार, खनिज मिश्रण आणि तपासणीच हवी.
- रेतनानंतर 21 दिवसांनी माज दिसला नाही, म्हणजे गाय गाभणच आहे असं नाही. पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी.

थोडक्यात, पट्टा वेळ सांगतो. दोन-चार गायी असतील तर सकाळ-संध्याकाळ आणि रात्री उशिरा गोठ्यात मारलेली एक फेरी आणि तारखांची वही हेही काम बऱ्यापैकी करते. गोठा मोठा असेल, तर पट्ट्याचा खर्च आणि हुकणारे माज यांचा हिशेब मांडून ठरवा.