एमसीबी असूनही शॉक का लागतो? आरसीसीबी म्हणजे काय?

घरातल्या डीबीत छोट्या खटक्यांची रांग असते, ते एमसीबी. ते आपल्याला शॉकपासून वाचवतात असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर एमसीबी वायर वाचवतो. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर करंट घेतो. त्याचा 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त करंट गेल्यावरच पडणार. माणसाच्या जिवाला 0.1 अँपिअरसुद्धा पुरतो!

इथे आरसीसीबी लागतो. हा जरा रुंद असतो आणि त्यावर टेस्टचं बटण असतं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय ना, हे तो सतत बघतो. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत लाइन तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला, तर मात्र त्याला काही कळत नाही.

जुहू, वर्सोव्याला हवा खारी. बाल्कनीतले लाइट, एसीचं आउटडोअर युनिट यांच्या जोडांवर मीठ आणि ओल साचते, करंट झिरपतो आणि पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो. वैतागून तो बायपास करून घेणारे लोक आहेत. तसं अजिबात करू नका. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्याला आरसीसीबी पडेल, बहुतेक वेळा दोष त्याच लाइनवर असतो. पुढचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. वीज अदानीची असो, टाटा पॉवरची किंवा मुलुंडला महावितरणची, मीटरनंतरची वायरिंग आपलीच जबाबदारी.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा (वाय-फायवर डाउनलोड चालू नसताना). लाइट गेली नाही, तर आरसीसीबी बदला. अर्थिंग नीट आहे का, हे मात्र या बटणावरून समजत नाही. ते वेगळं तपासून घ्यावं लागतं.