सव्वा रुपयाचा निरोप

सव्वा रुपया ही आपल्या घरांतली मोठी मंगल रक्कम. देवापुढे ठेवायचा तो सव्वा रुपया आणि भटजींच्या हातावर पडायचा तोही सव्वा रुपयाच. पण १८८८ साली मुंबईत याच रकमेचा एक दंड पुकारला गेला. गुन्हा कोणता? तर विलायतेला निघालेल्या एका मुलाला निरोप देण्यासाठी बंदरावर जाणे!

तो मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. वय अठरा पुरे, एकोणीस पुरी व्हायला महिना बाकी. बॅरिस्टर होण्यासाठी तो राजकोटहून मुंबईस आला, तेव्हा समुद्र खवळलेला म्हणून त्याला थांबवून ठेवण्यात आले. तेवढ्यात मोढ वाण्यांची जात गोळा झाली. समुद्र ओलांडला की धर्म राहत नाही, असे पंचांचे म्हणणे. मुलगा बधेना. तेव्हा जातीच्या शेटने त्याला जातिबाहेर टाकले आणि जो त्याला मदत करील किंवा बंदरावर पोचवायला जाईल, त्याला सव्वा रुपया दंड ठोठावला. थोरल्या भावाने प्रवासाचे पैसे मेहुण्याकडे ठेवले होते. त्या मेहुण्यानेही जातीच्या धाकाने हात आखडला. शेवटी घरोब्यातल्या एका स्नेह्याने उसने दिले, म्हणून तिकीट निघाले.

घरचा निरोप मात्र आधीच झाला होता. आई पुतळीबाईंचा जीव धजत नव्हता. बेचरजी स्वामी या जैन साधूंनी मुलाकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांना न शिवण्याची शपथ घेववली, तेव्हा कुठे त्या माउलीने होकार दिला. कस्तुरबांच्या मांडीवर काही महिन्यांचे मूल. राजकोटच्या शाळेनेही निरोप समारंभ केला. आम्हां मास्तर मंडळींना असे समारंभ नवे नाहीत. म्हणून वाचताना मला त्या मुलाची फार कीव आली. आभाराचे चार शब्द लिहून नेलेले, पण ते वाचतानाही त्याचे अंग थरथरत होते. पुढे ज्याच्या शब्दासरशी देश उठला, त्याचे हे पहिले भाषण!

याच्या पाच वर्षे आधी आपल्या कल्याणची एक लेक अशीच निघाली होती. आनंदीबाई जोशी. त्यांचेही वय अठराच. पोटचे मूल दहा दिवसांत गेलेले. पती गोपाळराव श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, टपालखात्यात होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजात उभे राहून या मुलीने आपण अमेरिकेस का जातो, एकटी का जातो, हे सांगितले. बहिष्काराचे भय आपल्याला वाटत नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने बजावले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून ती बोटीत चढली. माहेर राहिले देशाच्या दुसऱ्या टोकाला. १८८६ साली ती डॉक्टर झाली, स्वदेशी परतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिने डोळे मिटले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

मोहनदास ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून निघाले. १८९१ साली परतले, तेव्हा भाऊ बंदरावर घ्यायला आले होते. आईला कधी भेटतो असे मुलाला झालेले. पण आई आता नाही, हे त्याला इथेच कळले. परमुलखात धक्का बसू नये म्हणून घरच्यांनी वार्ता लपवली होती. मग भावाने जातीच्या समाधानासाठी त्यांना आपल्या नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले, राजकोटला जातजेवण घातले. तरीही जातीच्या एका तडाने त्यांना कधीच परत घेतले नाही. सासुरवाडीची माणसे गुपचूप पाणी पाजायला तयार होती, पण जे उघड करता येत नाही ते चोरून कशाला, म्हणून गांधींनीच ते घेतले नाही.

आज कोणाची जात बंदरावर पहारा ठेवीत नाही. विमानतळाच्या दारापर्यंत सारे गणगोत जाते आणि रात्री फोनवर लेकाचे तोंडही दिसते. तरी या दिवाळीतही कित्येक घरी फराळाचा एक डबा परदेशी रवाना झाला असेल आणि तो बांधताना एखादी आई गप्प झाली असेल. जाणाऱ्यापुढे नवा मुलूख असतो. मागे राहणाऱ्याच्या वाट्याला तेवढी दारातली घटकाच येते. पंचांनी दंड बसवला तो त्या घटकेवर. पुतळीबाईंना ती राजकोटच्या घरात मिळाली, एवढेच मला समाधान वाटते. कारण पुढे दुसरी यायची नव्हती.