गादीखाली ठेवलेली पत्रे

१/ सन १९७१. स्वीडनमधील १२ वर्षांच्या एका मुलीने देशातील सर्वांत लाडक्या लेखिकेला पत्र लिहिले. लेखिकेने उत्तर पाठवले. मुलीने ते वाचले आणि शौचकुपात टाकून पाण्याबरोबर वाहून जाऊ दिले. वास्तविक हा पत्रव्यवहार तेथेच संपायचा. तो संपला नाही. पुढे दोघींनी एकमेकींना ८०हून अधिक पत्रे लिहिली. लेखिकेचे नाव ॲस्ट्रिड लिंडग्रेन. ते पहिले उत्तर कोठे चुकले आणि नंतरची उत्तरे का पोहोचली, हे समजून घ्यायचे तर आधी या लेखिकेच्या आयुष्यात पत्राला काय स्थान होते, ते पाहावे लागते.

२/ लिंडग्रेन यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील विमरब्यू या गावाजवळ, एका शेतकरी कुटुंबात झाला. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पिपी लाँगस्टॉकिंग’ने त्यांना जगभर पोहोचवले. आज त्यांची पुस्तके १००हून अधिक भाषांत वाचली जातात. मात्र या यशाच्या बऱ्याच आधी, ऐन तारुण्यात, त्यांच्या वाट्याला एक मोठे दुःख आले होते.

३/ शालेय शिक्षणानंतर गावातील वृत्तपत्रात उमेदवारी करत असताना वयाच्या १८व्या वर्षी त्यांना दिवस गेले. मुलाचे वडील म्हणजे त्याच वृत्तपत्राचे संपादक. विवाहित आणि वयाने बरेच मोठे. छोट्या गावात कुजबुज सुरू झाली. लिंडग्रेन यांनी लग्नास नकार दिला, गाव सोडले आणि स्टॉकहोममध्ये लघुलेखन व टंकलेखन शिकू लागल्या. प्रसूतीसाठी त्या डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला गेल्या, कारण तेथील रुग्णालयात पित्याचे नाव सांगण्याची सक्ती नव्हती. ४ डिसेंबर १९२६ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव लार्स.

४/ हाती पैसा नाही, राहायला घर नाही. तान्ह्या लार्सला कोपनहेगनमधील एका पालक आईकडे ठेवून त्यांना स्टॉकहोमला परतावे लागले. प्रवासापुरते पैसे साठले की त्या आगगाडीने मुलाला भेटून येत. दोन भेटींच्या मधल्या काळात आधार होता तो टपालाचा. मुलाची खुशाली पालक आईच्या पत्रांतून कळे. १९३० साली लार्स स्वीडनला आला. तोवर सुमारे तीन वर्षे एका तरुण आईचे सारे लक्ष टपालवाल्याच्या वाटेकडे लागलेले होते. उत्तराची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

५/ पत्राचे दुसरे रूप युद्धाने दाखवले. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ होता; तरी परदेशी जाणारी व परदेशाहून येणारी पत्रे सरकार गुप्तपणे तपासत असे. सप्टेंबर १९४० पासून लिंडग्रेन याच टपाल तपासणी खात्यात काम करू लागल्या. पाकिटे वाफेवर उघडायची, मजकूर वाचायचा, आक्षेपार्ह काही नसेल तर पत्र पुढे धाडायचे. कामाविषयी बाहेर चकार शब्द काढण्याची मुभा नव्हती. या नोकरीला त्या स्वतःच ‘घाणेरडे काम’ म्हणत.

६/ त्या पाकिटांतून त्यांना व्यापलेल्या युरोपचे दर्शन घडले. ताटातूट झालेली कुटुंबे, ज्यूंचा छळ, उपासमार, भीती. १९३९ ते १९४५ या काळात त्यांनी लिहिलेल्या रोजनिशीच्या १७ वह्यांत वृत्तपत्रांच्या कात्रणांसोबत अशा पत्रांतील काही मजकूरही उतरवून ठेवलेला आढळतो. नियमाने हे निषिद्ध होते. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या वह्या आज अनमोल वाटतात. पण ज्यांनी ती पत्रे लिहिली, त्यांनी ती एका अनोळखी बाईसाठी लिहिली नव्हती. ही अडचण विसरून चालणार नाही.

७/ याच नोकरीत असताना, १९४४ साली, लिंडग्रेन यांचे पहिले पुस्तक आले. एका प्रकाशनसंस्थेने मुलींसाठीच्या कादंबऱ्यांची स्पर्धा घेतली होती. तिच्यात त्यांना दुसरे पारितोषिक मिळाले. कादंबरीची नायिका ब्रिट-मारी १५ वर्षांची आहे आणि सारी कथा ती आपल्या पत्रमैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून सांगते. कामावर परक्यांची पत्रे उघडायची आणि घरी एका किशोरवयीन मुलीला मोकळेपणाने पत्रे लिहू द्यायची, असा तो काळ होता.

८/ पुढे १९४६ ते १९७० या काळात त्या स्टॉकहोममधील राबेन आणि शोग्रेन या प्रकाशनसंस्थेत बालसाहित्याच्या संपादक होत्या. सकाळी घरी लघुलिपीत स्वतःचे लेखन आणि दुपारनंतर कार्यालयात इतरांची हस्तलिखिते, असा त्यांचा शिरस्ता होता. १९६९ साली पिपीची मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि त्यांची लोकप्रियता आणखी वाढली. मुलांच्या पत्रांचा ओघ अखंड चालू होता. कोणाला पुस्तकाचा पुढचा भाग हवा असे, कोणाला नुसती सही, तर कोणाला चित्रपटात भूमिका.

९/ त्या १२ वर्षांच्या मुलीचे पत्र असेच होते. तिला चित्रपटात काम करायचे होते. पत्रात उत्साह ओसंडत होता. स्वतःची स्तुती होती आणि इतरांवर सडकून टीकाही होती. त्यावेळी लिंडग्रेन ६३ वर्षांच्या होत्या. त्यांनी उत्तरात तिची काहीशी कानउघाडणी केली आणि आत्मपरीक्षणाचा सल्ला दिला. वडीलधाऱ्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. मुलीला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. कोणाच्या हाती लागू नये म्हणून तिने ते पत्र नष्ट केले.

१०/ असे का घडले? किशोरवयातील पत्रात वरचा मजकूर एक असतो आणि खरी मागणी निराळीच असते. भूमिका मागणारी मुलगी एकाकी होती. कोणीतरी आपली दखल घ्यावी, एवढेच तिला हवे होते. लिंडग्रेन यांनी वरच्या मजकुराला उत्तर दिले. ब्रिट-मारीची निर्माती, १८व्या वर्षी गावाचे टोमणे सोसलेली स्त्री, तीही येथे क्षणभर मोठ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

११/ मुलीने पुन्हा पत्र लिहिले. या वेळी बढाई नव्हती. तिचे दिवस वाईट चालले होते आणि ते तिने लपवले नाही. लिंडग्रेन यांचा सूर पालटला. उपदेश मागे पडला. स्वतःच्या तारुण्यातील उदासीविषयी त्या तिला लिहू लागल्या. प्रेम, मृत्यू, देव, शाळा, घर, एकटेपणा. कोणताही विषय ‘तुझ्या वयाला शोभत नाही’ म्हणून बाजूला सारला गेला नाही. पन्नासहून अधिक वर्षांचे अंतर असलेल्या दोघींची मैत्री अशी जुळली.

१२/ या मैत्रीला एक अट होती, ती म्हणजे गुप्ततेची. आपली पत्रे दुसऱ्या कोणी वाचू नयेत, ही मुलीची साहजिक इच्छा होती. ‘तुझी पत्रे मी गादीखाली ठेवते’, अशा अर्थाची ग्वाही लिंडग्रेन यांनी तिला दिली. इतर हजारो पत्रांच्या ढिगात ती पत्रे पडू दिली नाहीत. कधीकाळी सरकारसाठी पाकिटे उघडणाऱ्या हातांनी आता एका मुलीची पाकिटे जगापासून राखली. या दोन गोष्टींचा संबंध त्यांच्या मनात होता की नव्हता, हे ठामपणे सांगता येणार नाही. परंतु बंद पाकिटाचे मोल त्यांच्याइतके थोड्यांनाच ठाऊक असेल.

१३/ मुलाला बरोबरीच्या माणसासारखे वागवण्याचा हा आग्रह त्यांच्या सार्वजनिक जीवनातही दिसतो. १९७८ साली जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार स्वीकारताना त्यांनी मुलांना मारहाण करण्याविरुद्ध भाषण केले. घरात हिंसा शिकलेले मूल मोठेपणी जगाला काय देईल, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास कायद्याने बंदी घालणारा स्वीडन हा जगातील पहिला देश ठरला. त्या कायद्यामागे अनेकांचे दीर्घ प्रयत्न होते; लिंडग्रेन यांचा आवाज त्यांतील सर्वांत दूरवर ऐकू गेला.

१४/ २८ जानेवारी २००२ रोजी लिंडग्रेन यांचे निधन झाले. त्यांचे कागदपत्र स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत जगभरातून आलेली सुमारे ७५,००० पत्रे आहेत. २००५ साली युनेस्कोने हा संग्रह ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट केला. राजांच्या सनदा आणि राष्ट्रांचे करारनामे जेथे नोंदले जातात, तेथे शाळकरी मुलांच्या वळणदार आणि वाकड्यातिकड्या अक्षरांनाही जागा मिळाली. विसाव्या शतकातील मुले कशाला भीत होती, कशाची स्वप्ने पाहत होती, याचे इतके थेट साधन दुर्मीळच.

१५/ आणि गादीखालची पत्रे? ती २०१२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शीर्षकातही तीच गादी आहे. पहिले पत्र लिहिले तेव्हा १२ वर्षांची असलेली मुलगी आता पन्नाशीला आली होती आणि मुखपृष्ठावर लिंडग्रेन यांच्यासोबत तिचेही नाव होते. १९४० साली स्टॉकहोमच्या टपाल कचेरीत पाकिटे उघडली गेली, तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. या वेळी पाकीट उघडले ते पत्रलेखिकेच्या संमतीने. शौचकुपातून वाहून गेलेले ते पहिले उत्तर मात्र कागदाच्या रूपात तिच्याकडे नव्हते. तिच्याजवळ उरली होती ती त्याची आठवण, आणि ती चाळीस वर्षांनीही पुसली गेली नव्हती.