घोरपडीवरच्या गोचिडाची तीन आडनावे

१/ १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका त्यात समाविष्ट झाला. शिवार तेच राहिले, गावे जागची हलली नाहीत. मात्र त्याआधीच्या परतूरची माहिती परभणीच्या जुन्या गॅझेटियरमध्ये शोधावी लागते. भारतातील एका गोचिडाचा इतिहासही असाच आहे.

२/ हा गोचीड गाई-म्हशींवरचा नव्हे. घोरपड, धामण, नाग, अजगर यांच्या खवल्यांना चिकटून तो रक्त पितो. अंड्यातून निघालेल्या पिल्लास सहा पाय असतात. कात टाकल्यावर ते आठ होतात.

३/ १८४७ साली फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ इपोलित ल्यूका यांनी त्याचे पहिले वर्णन केले आणि प्राणिशास्त्रज्ञ पॉल जेर्व्हे यांच्या सन्मानार्थ त्याला ‘जर्व्हेसाय’ हे नाव दिले. शास्त्रीय नावात आडनाव आधी येते. तेव्हाचे आडनाव होते ‘इक्सोडीस’.

४/ १८९९ साली न्यूमन या फ्रेंच पशुवैद्यकाने डोळे नसलेल्या गोचिडांसाठी ‘अपोनोमा’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापली. नावाचा अर्थच ‘नेत्रहीन’. आपला गोचीड त्या घराण्यात गेला. १९२८ साली मोहम्मद शरीफ यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील संग्रहाच्या आधारे भारतीय गोचिडांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला, तो याच प्रजातीच्या काळात.

५/ परंतु डोळे नसणे हा नात्याचा पुरावा ठरतो काय? अवयव लोपणे निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडू शकते. शरीररचना आणि जनुके यांचा एकत्रित विचार करून २००२ साली क्लोम्पेन, डॉब्सन व बार्कर यांनी ‘अपोनोमा’ मोडीत काढली. काही ऑस्ट्रेलियन जाती ‘बोथ्रिओक्रोटॉन’मध्ये गेल्या, भारतीय गोचीड ‘अँब्लिओमा’ झाला. ही प्रजाती कोख यांनी १८४४ मध्येच स्थापली होती.

६/ प्रश्न केवळ नावाचा नाही. आज कोणी फक्त ‘अँब्लिओमा’ शोधले, तर शंभर वर्षांच्या नोंदी त्याच्या दृष्टीआड राहतील. कोणता गोचीड, कोणत्या प्राण्यावर, कुठे सापडला, हे सारे ‘अपोनोमा’च्या खात्यात जमा आहे. शिकारीमुळे संकटात आलेली घोरपड आज वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पूर्वी कुठे आढळत होती, याचा एखादा पुरावा तिच्या गोचिडाच्या जुन्या नोंदीतही मिळू शकतो.

७/ दोनदा आडनाव बदलले, ‘जर्व्हेसाय’ मात्र टिकले. जुन्या दप्तरात शिरताना धरायचा धागा तोच.