साखरदाणीचा हिशेब

इ. स. १७९१ च्या एप्रिल महिन्यात गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव ब्रिटिश पार्लमेंटने १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला. वेस्ट इंडीजमधील ऊसमळ्यांचे मालक व त्यांचे हितसंबंधी ज्या सभागृहात बसत, तेथे निराळा निकाल लागावा तरी कसा? परंतु त्याच वर्षी विल्यम फॉक्स याने एक छोटी पुस्तिका काढली आणि हा प्रश्न पार्लमेंटातून उचलून थेट घरातील चहाच्या मेजावर आणून ठेवला.

फॉक्सचे म्हणणे असे की, गुलामांच्या जहाजाचा कप्तान आणि जमैकाचा मळेवाला हे गिऱ्हाइकाचे केवळ हस्तक होत. खरा धनी साखर विकत घेणारा. त्याने हिशेबही मांडला. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने साखर व रम एकवीस महिने वर्ज्य केली, तर एक जीव गुलामीतून किंवा मृत्यूतून वाचतो. ही आकडेमोड काटेकोर होती असे नव्हे. पण दूरदेशीचे पाप स्वयंपाकघरातील वजनमापाने मोजण्याची ती रीत लोकांच्या अंतःकरणाला भिडली. टॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली. यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्यांना मताधिकार नव्हता, परंतु घरात काय यावे हे त्यांच्या हाती होते. पुढे १८२४ साली लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी गुलामांना 'हळूहळू' मुक्त करू पाहणाऱ्या पुढाऱ्यांना खडसावले आणि दारोदार फिरून साखरेवरील बहिष्कार पुन्हा जागवला. आपली साखर गुलामांच्या श्रमाची नाही, हिंदुस्थानातून आलेली आहे, अशा आशयाची अक्षरे असलेल्या साखरदाण्या घराघरांत दिसू लागल्या.

१८०७ साली व्यापार थांबला आणि १८३३ साली गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. श्रेय केवळ साखर सोडणाऱ्यांचे नव्हे. १८३१ च्या अखेरीस जमैकात हजारो गुलाम उठले होते आणि त्यांचे नेते सॅम्युअल शार्प फासावर गेले होते. नुकसानभरपाईचे दोन कोटी पौंड मात्र मालकांना मिळाले. गुलामांना छदामही नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली बहुतेकांना १८३८ पर्यंत राबावे लागले. (आपण कॅथलिकांनी हा इतिहास ताठ मानेने वाचू नये. त्याच १८३८ साली अमेरिकेतील मेरीलँडच्या जेज्विटांनी आपले २७२ गुलाम विकले, आणि त्या पैशातील काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यास गेला.)

मळ्यांना मजूर हवेच होते. १८३४ साली कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर घेऊन 'अ‍ॅटलास' जहाज मॉरिशसला पोहोचले. पुढे मुंबई बंदरातूनही माणसे गेली. त्यांत कोकणातील अनेक होती. मॉरिशसमधील आजचे मराठी बांधव त्यांचेच वंशज. म्हणजे गोऱ्या गिऱ्हाइकाच्या साखरेचा भार आपल्या माणसांच्या पाठीवरही आला.

आणि १८४६ साली पार्लमेंटने परदेशी साखरेवरील जादा जकात टप्प्याटप्प्याने उठवण्याचा कायदा केला. क्यूबा व ब्राझील येथील गुलामांनी पिकवलेली साखर ब्रिटनमध्ये स्वस्त झाली आणि लोकांनी ती घेतली. गरीब मजुरालाही स्वस्त साखर हवी होती, हे खरे. पण एकेकाळी साखर सोडणाऱ्या खात्यापित्या घरांना तशी सबब नव्हती. क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत चालली, ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत.

अक्षरे कोरलेल्या त्या साखरदाण्या आज इंग्लंडमधील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. १८४६ नंतर त्यांत कोणती साखर भरली गेली, हे त्यांवर लिहिलेले नाही.