सी-डॉट: छोटे एक्स्चेंज आणि ३६ महिन्यांची मुदत

सरकारी तंत्रज्ञान प्रकल्पातील जोखीम म्हटली की विद्यार्थी बहुधा उशीर आणि वाढीव खर्च एवढेच सांगतात. जोखीम नेमकी कुठे असते, हे सी-डॉटच्या उदाहरणावरून पाहू.

ऑगस्ट १९८४ मध्ये भारत सरकारने सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स, म्हणजेच सी-डॉट, ही संस्था स्थापन केली. सुमारे ७० कोटी लोकांच्या देशात तेव्हा फोन होते जेमतेम तीस लाखांच्या आसपास. भारतीय परिस्थितीला साजेसे डिजिटल एक्स्चेंज देशातच तयार करायचे होते. त्यासाठी मुदत ३६ महिने आणि रक्कम ३६ कोटी रुपये. सॅम पित्रोदा या कामातले सर्वांत ओळखीचे नाव. काम करणारे मात्र बहुतांश तरुण अभियंते होते.

त्याआधीच, १९८२ मध्ये, फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेलशी करार झाला होता आणि त्यानुसार उत्तर प्रदेशातील मनकापूर येथे ई-१०बी एक्स्चेंजचा कारखाना उभा राहत होता. काही जण याला स्वदेशीवरचा अविश्वास म्हणतात. मला तसे वाटत नाही. देशी रचना फसली असती तरी शहरांचे फोन अडून राहिले नसते. दोन्ही वाटा एकदम चालवणे महाग पडते, पण तो एक प्रकारचा विमाच असतो.

दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा. १०,००० लाइनचे शहरी एक्स्चेंज तयार होईपर्यंत सी-डॉट थांबली नाही. १२८ पोर्टचे ग्रामीण एक्स्चेंज आधी पूर्ण झाले आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. ते वातानुकूलनाशिवाय चालावे अशी त्याची रचना होती. धूळ, उन्हाळा आणि बेभरवशाची वीज गृहीत धरून केलेली ही रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. गावातले यंत्र बंद पडले तर शंभरएक ग्राहकांची गैरसोय होते. शहरातले पडले तर रुग्णालये, बाजारपेठ, कचेऱ्या सगळेच गप्प होतात. शिवाय गर्दीच्या वेळी हजारो कॉल एकाच वेळी हाताळणारे सॉफ्टवेअर म्हणजे छोट्या सॉफ्टवेअरची नुसती मोठी आवृत्ती नव्हे; त्यातील चुकांची जातच वेगळी असते. तेव्हा पहिल्या चुका गावच्या पातळीवर सापडणे, हेच स्वस्त.

पुढे हे तंत्रज्ञान परवान्याने अनेक सरकारी आणि खासगी उत्पादकांना देण्यात आले, त्यामुळे एकाच कारखान्यावर अवलंबून राहण्याचा धोकाही टळला.

मग चुकले कुठे? मुदतीत. लहान आणि मोठे एक्स्चेंज मिळून एकच ३६ महिन्यांचे वचन दिले गेले. वास्तविक पहिल्याचे काम सोपे होते, दुसऱ्याचे कितीतरी अवघड. ऑगस्ट १९८७ उजाडला तेव्हा ग्रामीण एक्स्चेंज चालू होते, पण मोठे शहरी एक्स्चेंज सेवेसाठी तयार नव्हते. चर्चा अर्थातच न झालेल्या कामाची झाली. १९८९ च्या अखेरीस केंद्रातले सरकार बदलले आणि हीच दिरंगाई राजकीय वादाचा विषय बनली. अभियंत्यांनी यंत्रातली जोखीम टप्प्याटप्प्याने वाटून घेतली होती. घोषणेतली जोखीम मात्र कोणी वाटली नाही.

मोठी एक्स्चेंज पुढे आली, शहरांत बसली आणि चाललीही. गावोगावच्या छोट्या एक्स्चेंजांनी तोवर एसटीडी बूथची पिवळी पाटी खेड्यांपर्यंत पोहोचवायला सुरुवात केली होती.